अप्पांनी घेतलेला जबाब

भाड्याच्या खोल्या बघायला गेलो त्या दिवशी घराआधी मला पंचनामा पाहायला मिळाला.

माझी तेव्हा परभणीला बदली झाली होती. मी पाटबंधारे खात्यात. कोणत्या चारीला किती तास पाणी सोडलं ते रोज लिहिणं हे माझं काम. वसमत रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत वरचा मजला रिकामा आहे असं कळलं म्हणून गेलो. फाटक उघडं होतं. अंगणात एक माठ फुटून पडला होता आणि त्याच्यासमोर स्टुलावर एक साठीला टेकलेले गृहस्थ मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहीत बसले होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पांढरा लेंगा आणि नेहरू शर्ट. शेजारी दोन माणसं हात बांधून उभी होती. एक कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार, दुसरे समोरचे शिंपी.

"थांबा, फुडं येऊ नका," ते गृहस्थ मला म्हणाले. "पाणी कुठवर गेलंय ते मोजायचंय."

मी फाटकातच उभा राहिलो. त्यांनी टेप लावला, आकडा लिहिला आणि वाचून दाखवलं. माठ अंदाजे सहा वर्षांचा. बुडाशी जुनी चीर. पाणी चार फूट सात इंच वाहून गेले. कोणाही माणसाचा अगर जनावराचा दोष दिसून येत नाही. दुकानदारांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून सही केली. न सांगता पेन काढलं, त्यावरून हे त्यांचं नेहमीचं काम असावं असं मला वाटलं. ते खरं निघालं.

मग ते माझ्याकडं वळले. "तुमी माठ फुटताना पाहिलं का?"

"नाही. मी आत्ताच आलो."

"मग तुमचं काम वेगळं हाय. बोला."

मी भाडं विचारलं, त्यांनी सांगितलं. मी पाण्याचं विचारलं. ते म्हणाले, "टाकी हजार लिटरची हाय. पण वरून तीन इंच भरत न्हाई, म्हणून साडेनऊशे धरा." टाकी कमी भरते हे आपणहून सांगणारा घरमालक मी त्याआधी पाहिला नव्हता. खोल्या न बघताच मी हो म्हणालो आणि अकरा वर्षं तिथं राहिलो.

गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. ते आम्हाला नावानं कधी हाक मारत नसत. मी 'वरचे' आणि माझी बायको 'वरच्या बाई'. मूळचे वालूरचे, वीरशैव घरातले. बायको वारलेली, एकुलता मुलगा पुण्याला. नोकरी सगळी तहसील कचेऱ्यांत गेली आणि अव्वल कारकून म्हणून संपली. सरकारनं त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी पंचनाम्याला निवृत्त केलं नाही. मांजरानं दूध सांडलं, पंचनामा. गल्लीतल्या एका मुंजीत एकाचा जोडा हरवला, पंचनामा. एका उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड माकडांनी नेले. बायको ओरडत वर गेली तर अप्पा तिच्याआधी पोचलेले.

"वरच्या बाई, एकूण किती घातले होते?"

"मोजले नव्हते अप्पा."

"पापड घालताना मोजत न्हाईत? बरं, उरलेले मोजू." उरलेले एक्केचाळीस निघाले. लिहिलं: माकडे संख्येने तीन, पैकी एक पिल्लू, पूर्वेकडील लिंबाच्या झाडावरून पसार. शिंप्यांनी पंच म्हणून सही करताना विचारलं, "अप्पा, हे कुणाला द्यायचं? माकडाला?" अप्पा म्हणाले, "कुणाला द्यायचं न्हाई. झालं ते झालं तसं कुठंतरी लिहून पायजे."

हे सगळे कागद लोखंडी कपाटात फायलींना लावून ठेवलेले असत. मी एकदा फायली मोजल्या, चौदा होत्या.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे एक प्रश्न. किराणा दुकानासमोर सकाळी चार माणसं चहाला बसत. कुणी म्हणालं, जिंतूरकडं लय पाऊस झाला, की अप्पा विचारायचे, "पाहिलं का ऐकलं?"

"ऐकलं."

"मग ऐकलं म्हणा."

पहिली दोन वर्षं लोक चिडत. मग हसायला लागले. मग कुणाच्या लक्षात न येता गल्लीचं बोलणंच बदललं. माझी बायको माहेरी फोनवर बोलताना म्हणायची, "तिचं लग्न मोडलं म्हणे. मी पाहिलं नाही, ऐकलंय." तिच्या बहिणीला वाटलं, परभणीला गेल्यापासून ही जरा विचित्र बोलते.

अप्पा सगळ्यांना आवडत होते असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. शेजारच्या दोन भावांत भिंतीवरून वाद झाला. अप्पांना मध्यस्थ म्हणून बोलावलं. त्यांनी मोजून लिहून दिलं की थोरल्यानं चार इंच खाल्लंय आणि धाकट्यानं सहा. दोघांनी मिळून आठ महिने अप्पांशी बोलणं बंद केलं. त्या निमित्तानं ते एकमेकांशी मात्र बोलायला लागले.

नोकरीतली एकच गोष्ट त्यांनी मला सांगितली. एका वर्षी गारपीट झाली आणि त्यांना चुडाव्याकडच्या एका गावाला पाठवलं. गावातल्या पुढाऱ्यानं यादी तयारच ठेवली होती: सगळ्यांचं सगळं गेलं. अप्पांनी यादी बाजूला ठेवली आणि सात दिवस वावरं तुडवली. रोज संध्याकाळी चिखलाच्या पायानं चुडावा स्टेशनवर येऊन गाडी धरायची, सकाळी पुन्हा जायचं. ज्यांचं निम्मं गेलं त्यांचं निम्मं लिहिलं. पुढारी म्हणाला, गरिबाच्या पोटावर पाय देता. पुढं चौकशी लागली. फुगवलेल्या याद्यांची गावं अडकली आणि अप्पांनी पाहणी केलेल्या गावाचे पैसे सगळ्यांत आधी सुटले. "मग तुमचा सत्कार झाला असेल," मी म्हणालो. "माझ्या गोपनीय अहवालात लिहिलं, काम संथ हाय," ते म्हणाले. "ते बी खरं होतं."

आरोग्य विमा त्यांना मीच घ्यायला लावला. त्यांचं वय सहासष्ट, मुलगा लांब, दवाखान्याचे खर्च वाढलेले. मी कागदावर दहा वर्षांचा हप्ता आणि एका शस्त्रक्रियेचा खर्च शेजारी शेजारी मांडून दाखवला. आकडे बघून ते तयार झाले. मग एजंट फॉर्म घेऊन आला आणि 'पूर्वीचे आजार' या रकान्यावर तीन तास गेले. अप्पांनी चौथीत झालेली कावीळ लिहिली. वालूरला विळा लागून पडलेले टाके लिहिले. मार्गशीर्षात शिंका येतात ते लिहिलं. जागा संपली म्हणून पुरवणी जोडली. तीन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे हेही लिहिलं, तेव्हा एजंटानं हात जोडले.

"अप्पा, इथं नुसतं न्हाई लिहा. कुणीबी लिहीत न्हाई. हप्ता वाढतो, वर रक्तदाबाच्या आजाराला तीन वर्षं पैसे मिळत न्हाईत."

"गोळी मी घेतो का तुमी?"

"तुमी."

"मग मला लिहू द्या."

हप्ता वाढला. पॉलिसी आली. अप्पांनी ती पुस्तिका शिसपेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचली. असं करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, ऐकलेलाही नाही.

त्यानंतर तेविसाव्या दिवशी अपघात झाला.

अप्पांना कृषी विद्यापीठाकडून लिंबाची दोन रोपं आणायची होती. मी स्कूटर काढली, ते मागं बसले, एका हातात रोपांची पिशवी. परत येताना पुढं चाललेला मालवाहू ऑटो इशारा न करता एकदम उजवीकडं वळला. मी ब्रेक दाबला, तरी गाडी त्याच्या मागच्या कोपऱ्यावर गेली. माझं कोपर खरचटलं. अप्पा उजव्या गुडघ्यावर पडले.

लोक जमले. अप्पा रस्त्यावर आडवे, चेहरा पांढरा, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "वेळ किती झाली?" मी सांगितलं, पाच वाजून दहा मिनिटं. दुसरं वाक्य गर्दीला होतं. "पाहिलं कुणी? ज्यांनी न्हाई पाहिलं त्यांनी वारं येऊ द्या." कडेला पेरूची पाटी घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "मी पाहिलं, काका. तुमी बोलू नका, पडून राहा." ऑटोवाला हात जोडून उभा होता. त्यानंच अप्पांना उचलून ऑटोत घातलं आणि खाजगी दवाखान्यात आणलं. वाटेत तो मला सारखा म्हणत होता, "साहेब, पोलीस नको. माझं पोट हाय ह्या गाडीवर."

आता माझी चूक. दवाखान्यात अप्पांना इंजेक्शन देऊन एक्स-रेला नेलं होतं. टेबलाशी बसलेल्या डॉक्टरांनी मला विचारलं, कसं लागलं? आमच्याकडं अशा वेळी सगळे काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. अपघात म्हटलं की पोलीस, जबाब, चकरा. म्हणून माणसं जिन्यावरून पडतात, न्हाणीत घसरतात. मी म्हणालो, "घरी ओट्याच्या पायरीवर चक्कर येऊन पडले." डॉक्टरांनी एकदा माझ्या खरचटलेल्या कोपराकडं पाहिलं आणि लिहून घेतलं. मी ऑटोवाल्याला खूण केली, तो निघून गेला. मला त्या वेळी आपण एका गरिबाचं भलं केलं असं वाटत होतं.

गुडघ्याखालचं हाड फुटलं होतं. धातूची पट्टी आणि स्क्रू घालावे लागणार होते. दवाखान्यानं विमा कंपनीकडं परवानगी मागितली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. मी ते अप्पांच्या खाटेशी उभं राहून वाचलं. रुग्ण चक्कर येऊन पडल्याची नोंद आहे. रुग्णास रक्तदाब असल्याचे अर्जात नमूद आहे. त्या आजाराचा प्रतीक्षा कालावधी पूर्ण झालेला नाही. सबब परवानगी नाकारण्यात येत आहे.

बायको मोसंबी सोलत होती. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "चक्कर कुणाला आली?"

"तसं लिहिलंय," मी म्हणालो.

"लिहिलेलं तुमी वाचलं. मी विचारायलोय, आली कुणाला?"

दवाखान्याचा अंदाज दीड लाखाच्या पुढचा होता. अप्पांची एक मुदत ठेव होती, ती मोडली की त्यांच्या म्हातारपणासाठी पेन्शनशिवाय काही उरत नव्हतं. हे गणित मला त्यांच्यापेक्षा नीट माहीत होतं, कारण ते मीच मांडून दिलेलं होतं.

"मी तसं सांगितलं अप्पा," मी म्हणालो.

ते रागावतील असं वाटलं. ते बायकोला म्हणाले, "वरच्या बाई, माझी पिशवी द्या." पिशवीतून पुठ्ठा, कोरे कागद आणि पेन निघालं. "बसा वरचे. जबाब लिहू."

"जबाब कशाला? मी डॉक्टरांना तोंडी सांगतो की."

"तोंडी सांगूनच हे झालंय."

आठ वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहत होतो, तरी त्यांनी मला पूर्ण नाव, वय आणि धंदा विचारला. पाय फळीला बांधलेला, पाठीला दोन उशा, आणि अक्षर छापल्यासारखं. गाडी कोण चालवत होतं? मी. वेग? तीस ते पस्तीस. ऑटोनं इशारा दिला होता? नाही. पाहिलं का ऐकलं? पाहिलं.

"लायसन?"



"हाय की यांच्याकडं," बायको म्हणाली.

"मुदत संपलीय," मी म्हणालो. "दोन महिने झाले."

बायकोचा हात मोसंबीवर थांबला. "दूधवाल्याचा एक खाडा विसरत न्हाईत हे," ती अप्पांना म्हणाली. "चार वर्षांखालचा बी सांगतील. आणि स्वतःचं लायसन विसरले."

अप्पांनी तिचं बोलणं लिहिलं नाही. अपघात तिनं पाहिलेला नव्हता. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "दवाखान्यात खोटं का सांगितलं?"

"ऑटोवाला गरीब होता. पोलिसांची झंझट त्याच्यामागं—"

त्यांनी पेन कागदावरून उचललं. "ऑटोवाल्यासाठी का लायसनसाठी?"

 

"लायसनसाठी."

"मग त्या गरिबाला कशाला मधी आणायलात?" असं म्हणून त्यांनी ते लिहिलं, एका ओळीत, आणि कागद माझ्यापुढं केला.  सही नेहमीसारखी आली. सही झाल्यावर मात्र मला कळलं की गेल्या एकवीस तासांत मी पहिल्यांदाच नीट श्वास घेतोय.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "मी आधीचं खोडणार नाही," ते म्हणाले.

"खोडूच नका," अप्पा म्हणाले. "खोडलेल्या कागदाला किंमत न्हाई. खाली आजची तारीख घाला, नवीन लिहा. माझ्या लेंग्याला डांबराचे डाग हायेत, ते बी लिहा. आमच्या ओट्याला डांबर न्हाई."

डॉक्टर हसले आणि लिहिलं. लेंगा तपासला, अंगावरची खरचटलेली जागा मोजली आणि पोलिसांना कळवलं. पण कंपनीचा नकार एवढ्यानं मागं फिरणार नव्हता आणि हाड थांबणार नव्हतं. अप्पांनी ठेव मोडली. मी माझ्याकडून काही देऊ लागलो तर म्हणाले, "तुमचा दोष लिहून झालाय. त्याचे पैसे लागत न्हाईत." शस्त्रक्रियेच्या आधी नर्सनं गळ्यातली डबी काढायला सांगितली. अप्पांनी नकार दिला. शेवटी ती दंडाला कापसात बांधून, वरून चिकटपट्टी लावून आत नेली. नर्सनं आपल्या वहीत तशी नोंद केली आहे का, हे त्यांनी भूल देण्यापूर्वी विचारून घेतलं.

मी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "लोक अपघात लपवायला येतात, तुमी सांगायला आलात?" मी सगळं सांगितलं, लायसनसकट. दंड झाला, तो भरला, पावती माझ्याकडं आहे. पेरूवाल्या बाईनं जागेवर येऊन बोटानं दाखवलं, ऑटो कुठं होता, आम्ही कुठं होतो. तिला विचारावं लागलं नाही, तिनंच सांगितलं की गाडी आदळली तेवढं तिनं पाहिलं, त्याआधीचं नाही, कारण ती गिऱ्हाइकाला सुट्टे देत होती. ऑटोवालाही बोलावल्यावर आला. त्यानं वळताना इशारा दिला नाही हे कबूल केलं. त्याचं लायसन चालू होतं. ऑटोचा विमाही चालू होता. ज्याच्यासाठी मी खोटं बोललो असं मी समजत होतो, त्याला त्या खोट्याची माझ्याइतकी गरज नव्हती.

घरी आल्यावर अप्पांनी दावा तयार केला. बिलं, एक्स-रे, पोलिसांची प्रत, डॉक्टरांची दुसरी नोंद, सगळ्यांत वर माझा जबाब. पुस्तिकेतलं एक वाक्य त्यांनी अर्जात उतरवलं होतं: आजाराला प्रतीक्षा असली तरी अपघाताने झालेल्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. एजंट म्हणाला, "अप्पा, हा जबाब नका लावू. कंपनी म्हणेल, एकदा खोटं बोलले, आता खरं कशावरून?"

"म्हणू द्या. ते विचारायचा त्यांना हक्क हाय."

मी रात्री बायकोला म्हणालो की एजंटाचं खरं आहे. ठेव गेली, पैसे यायचे नाहीत, आणि हे सगळं माझ्या एका वाक्यानं झालंय. ती म्हणाली, "वाक्य एक, खोटं दोन. चक्कर आणि ओटा."

कंपनीनं खरंच माणूस पाठवला. पॉलिसी नवीन, पहिल्या महिन्यातच दावा, जबाब बदललेला; त्यांच्या जागी मी असतो तर मीही पाठवला असता. हुशार माणूस होता. आमच्या घरी न येता तो आधी किराणा दुकानात गेला. चहा मागवला, सहज विचारावं तसं विचारलं, "ते अप्पा ओट्यावरून पडले म्हणे?"

हे पुढचं मी पाहिलेलं नाही. दुकानदारांनी मला सांगितलं आणि नंतर त्या माणसाच्या अहवालातही तसंच आलं.

"ओट्यावरून पडताना मी पाहिलं न्हाई," दुकानदार म्हणाले.

"म्हणजे पडले असतील."

"असतील-नसतील आमी बोलत न्हाई. त्या दिवशी साडेतीनला अप्पांना वरच्यांच्या स्कूटरवर बसून जाताना मी पाहिलं. हातात रिकामी पिशवी होती. पायानं चालत फाटकाबाहेर आले. एवढं पाहिलं."

"अपघात झाला हे तर खरं ना?"

"ते ऐकलं."

माणूस शिंप्यांकडं गेला. शिंप्यांनी मशीन थांबवून सांगितलं की अप्पांना जाताना पाहिलं, येताना पाहिलं नाही, कारण ते आलेच नाहीत. संध्याकाळी वरच्या बाई एकट्याच घाईनं रिक्षात बसून गेल्या. भिंतीच्या वादातल्या थोरल्या भावाकडं तो गेला तेव्हा त्याला वाटलं असेल, इथं काही हाती लागेल. थोरला म्हणाला, "माझं त्यांचं लय जमत न्हाई. पण त्या दिवशी ओट्यावर कुणी पडलं न्हाई. मी पाचपासून सातपर्यंत समोर बाजेवर बसलो होतो. ओटा पूर्ण दिसतो."

शेवटी तो वर आमच्याकडं आला. पाणी प्यायला आणि बायकोला म्हणाला, "ताई, बारा वर्षं हे काम करतोय. एका गल्लीत चार माणसांना विचारलं की पाच गोष्टी ऐकायला मिळतात. तुमच्या गल्लीला कुणी शिकवून ठेवलंय का?"

"हो," बायको म्हणाली. "खाली राहतात. पाय मोडलाय त्यांचा."

दावा मंजूर झाला. सव्वा महिन्यानं अप्पांच्या खात्यावर एक लाख छप्पन्न हजार आठशे रुपये जमा झाले. हातमोजे आणि तशा किरकोळ वस्तूंचे चार हजार तीनशे कापले होते, तेवढे कापले जातात हे पुस्तिकेत लिहिलेलंच होतं. मी खाली जाऊन सांगितलं. अप्पा वॉकर घेऊन अंगणात उभे होते. त्यांनी बातमी ऐकली आणि वॉकर सोडून दोन पावलं चालून दाखवली. डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नव्हती. दुकानदारांनी पेढे आणले, शिंप्यांनी मशीन बंद ठेवली, आणि भिंतीचे दोन्ही भाऊ एकाच वेळी आमच्या फाटकातून आत आले. ते मी पाहिलं. ठेव पुन्हा जवळजवळ पहिल्याएवढी झाली, तेव्हा त्या रात्री मला लवकर झोप लागली.

पण अप्पांचं काम संपलं नव्हतं. चार-पाच महिन्यांनी एक दिवस ते कागद तपासत असताना म्हणाले, "वरचे, गाडी काढा. कंपनीच्या हापिसात जायचंय."

"आता काय राहिलं?"

"एका एक्स-रेचे पैसे त्यांनी दोनदा दिले. साडेसातशे. परत करायचे हायेत."

मुलानं पुण्याहून फोनवर बजावून ठेवलं होतं की अप्पांनी पुन्हा दुचाकीवर बसायचं नाही, त्यातही माझ्या नाही. मी रिक्षा आणतो म्हणालो. अप्पांनी माझं नवं लायसन मागून घेतलं, तारीख वाचली, परत दिलं आणि स्कूटरवर मागं बसले. मी आयुष्यात इतक्या सावकाश गाडी चालवली नव्हती. मागून आवाज आला, "सायकलवाले फुडं जायलेत."

कंपनीचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. अडतीस पायऱ्या. अप्पांनी कठडा धरला, माझा हात धरला नाही. वर पोचल्यावर त्यांनी अर्ज आणि साडेसातशे रुपये टेबलावर ठेवले. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, बिलं जुळवली, शेजारच्या बाईंना बोलावलं. बाईंनीही जुळवली.

"काका, बरोबर आहे तुमचं," साहेब म्हणाले. "पण परत घ्यायचा फॉर्मच आमच्याकडं नाही. आणि एवढ्यासाठी दोन मजले चढून आलात? या पायानं? फोन केला असता."

"नुसत्या पैशासाठी न्हाई आलो," अप्पा म्हणाले. "तुमी ज्याचे पैसे दिले तो पाय चालायलाय का न्हाई, ते तुमाला दाखवायला आलो."

त्यांनी काठी माझ्याकडं दिली. टेबलापासून समोरच्या खिडकीपर्यंत चालत गेले, खिडकीला हात लावला आणि वळले. टेबलांमागची माणसं काम थांबवून बघत होती. बाई उभ्या राहिल्या, मग साहेबही उभे राहिले. मी पावलं मोजत होतो. जाताना चौदा झाली. येताना तेरा.